माझ्या गैरहजेरीतलं मत

माझी बायको ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभी राहिली तेव्हा मी मस्कतमध्ये होतो. ती पडली तेव्हाही मस्कतमध्येच होतो. तरीसुद्धा तिला पाडणाऱ्या मतांत एक मत माझं होतं. हे सांगितलं की लोकांना आधी वाटतं, नवराबायकोत काहीतरी बिनसलेलं असणार. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मस्कतच्या हमरिया भागातल्या एका जुन्या इमारतीत मी आणि माझा गावचा मित्र एका खोलीत राहायचो. मी एसी दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक, आणि तो बौशरच्या एका मोठ्या दुकानात स्टोअरकीपर. दोघंही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एकाच गावचे. तो वरच्या वाडीतला, मी खालच्या. शाळेत एकाच बाकावर बसलो होतो आणि मस्कतला त्यानेच मला बोलावून घेतलं होतं. पहिला महिनाभर मला एसीच्या थंडीत झोप येईना, तेव्हा स्वतःची चादर माझ्या अंगावर टाकून तो लुंगीवर झोपायचा. हे मी विसरलेलो नाही. पुढचं सगळं घडूनही विसरलेलो नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

गावात भांडण पाण्याचं होतं. नळयोजना मंजूर झाली, खोदाई झाली, पाईप आले, आणि लाईन वरच्या वाडीपर्यंत येऊन थांबली. खालच्या वाडीला विहीर आहे, पण होळीनंतर तिचं पाणी मचूळ होतं. खाडी जवळ ना. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. माझी बायको बचत गटाचं काम करायची, ग्रामसभेला जायची. तिथे ती दरवेळी उभी राहून विचारायची, "लाईन पुढे कधी येणार?" दरवेळी उत्तर मिळायचं, "वहिनी, प्रस्ताव पाठवलाय." पाईप घालायचं काम ज्याच्याकडे होतं, तो खोलीतल्या माझ्या मित्राचा थोरला भाऊ. पंचायतीत त्याचंच चालायचं.

निवडणूक आली तेव्हा आमच्या प्रभागातली एक जागा बायकांसाठी राखीव निघाली. थोरल्या भावाने आपल्या बायकोचा अर्ज भरला. दुसऱ्याच दिवशी माझ्या बायकोचा फोन आला.

"अहो, मी पण भरतेय."

"कशाला त्या भानगडीत पडतेस?"

"मी विचारत नाहीये, सांगतेय. कळायला हवं म्हणून फोन केला."

मी खोलीत येऊन त्याला सांगितलं तर तो मोठ्याने हसला. "म्हणजे माझी वहिनी विरुद्ध तुझी बायको? चल, आज मटण मी आणतो." रुवीतून मटण आणलं, आम्ही जेवलो. जेवताना तो म्हणाला, "हे बघ, निवडणूक तिथे, आपण इथे. आपल्यात काही आणायचं नाही." मी म्हटलं, "अरे सोड, आपण काय लहान आहोत?"

तो मनापासून बोलला होता असं मला अजूनही वाटतं.

त्याच हिवाळ्यात ओमानातही नगर परिषदांच्या निवडणुका होत्या. आमचा फोरमन निझवाकडचा ओमानी माणूस. मस्कतमध्ये नोकरी, पण मत गावाकडे. तो सुट्टी टाकून गाडी घेऊन गेला, मत देऊन दुसऱ्या दिवशी कामावर आला आणि खुशीत मला विचारू लागला, "तुम्हारा गाँव में भी इलेक्शन है ना? तुम क्यूँ नहीं जाता?" मी म्हटलं, "अर्बाब छुट्टी नहीं देता." त्याने मान हलवली आणि माझ्यासाठी पण चहा मागवला. अर्बाब म्हणजे मालक, आणि त्याच्यापुढे फोरमनचंही काही चालत नव्हतं.

आमच्या गावच्या मतदानाच्या दिवशी मी मदिनत सुलतान काबूसमधल्या एका बंगल्याच्या गच्चीवर कंप्रेसर उघडून बसलो होतो. बायकोचे मेसेज येत होते. सकाळी गर्दी आहे. म्हाताऱ्यांना रिक्षातून आणलं. सासूबाईंनी मत दिलं, बोटाची शाई सगळ्यांना दाखवत फिरतायत. दुपारी एकच मेसेज आला की काका जेवायला घरी गेलेत. हे काका म्हणजे माझे चुलते. आमच्या बाजूने मतदान केंद्रात बसायला तिने त्यांनाच ठेवलं होतं, कारण गावातला प्रत्येक चेहरा ते ओळखायचे. मी तो मेसेज वाचला आणि परत पान्हा हातात घेतला. त्यात काळजी करण्यासारखं काय होतं?

मोजणी तालुक्याला झाली. आमच्या जागेवर दोघींना सारखी मतं पडली. बायकोने तिथूनच फोन लावला. आवाज चढलेला. "सारखी आलीत. मी फेरमोजणी मागितलीय." अधिकाऱ्यांनी नाही म्हटलं नाही. यंत्रं पुन्हा लावली, आकडे पुन्हा वाचले, दोन्हीकडच्या माणसांनी लिहून घेतले. परत तेच आकडे. मग चिठ्ठी काढायची ठरली. दोन नावं कागदावर लिहून, घड्या घालून स्टीलच्या डब्यात टाकली आणि कचेरीत आलेल्या कुणाच्या तरी लहान मुलीला एक उचलायला सांगितलं. नाव निघालं त्याच्या वहिनीचं.

बायको तेव्हा रडली नाही. मला म्हणाली, "नशीब म्हणायचं. मोजणी तरी सरळ झाली. माझ्यासमोर दोनदा मोजलं त्यांनी." त्या संध्याकाळी खोलीत तो माझ्याकडे बघून नुसता खांद्यावर थोपटून गेला. मला त्याचं बरं वाटलं. आपला माणूस शहाणा आहे, जल्लोष करत नाही, असं मनात आलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी खाली खुबूसच्या रोट्या आणायला गेलो होतो. परत आलो तर खोलीचं दार नुसतं लोटलेलं. तो कांदा कापत होता आणि फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला होता. पलीकडून त्याचा भाऊ बोलत होता. आवाज मी लहानपणापासून ओळखतो.

"अरे, चिठ्ठीवर आली पण आली ना! नाहीतर पडत होती. तुझं तर घातलंच होतं, पण तुझ्या खोलीतल्याचं पण घातलं म्हणून बरोबरी तरी झाली. तो म्हातारा जेवायला गेला तेवढ्यात उरकलं."

तो हसला. मग हसता हसता त्याने वर बघितलं आणि मी दारात दिसलो. त्याने सुरी खाली ठेवून फोन बंद केला.

मी विचारलं, "तुझ्या खोलीत मी सोडून दुसरा कोण राहतो?"

त्याने हात लुंगीला पुसले.

"माझं मत घातलं? माझ्या बायकोच्या विरोधात?"

"हे बघ, मला आधी माहीत नव्हतं. आत्ता त्याने सांगितलं तेव्हाच कळलं."

"मग हसलास कशाला?"

आम्ही दोघंही उभेच होतो. ओट्यावर कांदा तसाच अर्धा कापलेला. मी खुबूसची पिशवी ठेवली आणि खाली निघून गेलो. ऊन उतरेपर्यंत त्या गल्ल्यांतून फिरत राहिलो. मग बायकोला फोन लावला आणि शब्द न शब्द सांगितला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी दोनदा मोजलं ते बरोबरच होतं."

"हो."

"मोजायच्या आधीच सगळं झालं होतं. आणि मी त्या साहेबांचे आभार मानून आले हो. नमस्कार करून आले."

तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे. हरल्याचं तिने पचवलं होतं. त्या आभारांचं दुःख ती पुढे कित्येक महिने बोलून दाखवायची.

तिने कोर्टात अर्ज केला. मुदत फार थोडी असते, म्हणून दागिने घालायचीही उसंत न घेता, होती तशी तालुक्याला गेली आणि वकील गाठला. वकील तरुण होता, खरं बोलणारा होता. त्याने तिला समजावून सांगितलं, "ताई, तुमचे यजमान परदेशात होते हे पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून सिद्ध होईल. ते मत खोटं ठरेल. पण यंत्रातून हे कळत नाही की ते मत कुणाला गेलं. मत गुप्त असतं. ते कुणाला गेलं हे सांगणारा माणूस लागेल."

असा माणूस एकच होता, आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावरच्या खाटेवर झोपत होता.

मी त्याला विचारलं. पाया पडलो म्हटलं तरी चालेल, इतकं विनवून विचारलं. "तुला कोर्टात यायला नको. निदान लिहून दे. भाऊ फोनवर काय बोलला तेवढंच."

"भाऊ आहे माझा," तो म्हणाला.

"आणि मी?"

"तू मित्र आहेस. पण गावी गेल्यावर मला त्या घरात झोपायचंय." मग म्हणाला, "एका मताने काय होतंय रे? खलास कर आता. पुढच्या वेळी उभी राहू दे, मी स्वतः तिच्यासाठी गावाला फोन करीन."

"एका मताने काय होतं ते तुझ्या भावाला विचार. त्याला चांगलं माहितीय."

त्या दिवसापासून आमचा स्वयंपाक वेगळा झाला. एका शेगडीवर आधी तो, मग मी. माझं तिखट संपलं तर मी त्याच्या डब्याला हात लावायचो नाही, खाली जाऊन आणायचो.

हमरियात आमच्याच कोकणातल्या एका मुसलमान वडीलधाऱ्याचं किराण्याचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. गावच्या माणसांचं काहीही असलं, कुणाचं मयत न्यायचं असो की कुणाचा व्हिसा अडकलेला असो, त्यांच्या दुकानातच बसून ठरायचं. आमच्या गावच्या लोकांनी मला तिथे बोलावलं. मला वाटलं, हे त्याला समजावतील. गेलो तर सगळे माझ्याकडेच तोंड करून बसलेले.

एक जण म्हणाला, "केस मागे घे. इथे आपण चार माणसं आहोत. गावचं भांडण इथे नको."

"भांडण मी आणलं? माझं मत चोरलं गेलंय."

"अरे, माझं पण घातलं असणार कुणीतरी," दुसरा म्हणाला. "मी काय कोर्टात गेलो? आपण इथे असतो, तिथे आपली नावं पडून असतात. कुणीतरी वापरतं. चालायचंच."

त्यातल्या एकाच्या आईला माझ्या बायकोने दोन वर्षं बचत गटातून औषधपाणी पुरवलं होतं. तोही मान हलवत होता. मी त्याच्याकडे बघितल्यावर त्याने मोबाईल काढला. वरच्या वाडीतल्या थोरल्याशी कुणालाच वाकडं घ्यायचं नव्हतं. कुणाला घर बांधायला परवानगी हवी होती, कुणाला दाखला.

चाचा शेवटी बोलले, तेही वजनाचा काटा पुसत. "बाला, तू खरा हायस. पन खरा असून काय करतोस? ह्यांच्यातला एक तरी तुझ्या बाजूने उभा राहील काय, बघ." मी बघितलं. कुणी नव्हतं. चाचांनी मला खजूर दिले आणि म्हणाले, "घरी न्हे." मी ते घेतले नाहीत. त्या म्हाताऱ्यावर राग काढायला नको होता, पण दुसऱ्या कुणावर निघतच नव्हता.

पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात असायचा. साक्षीसाठी गावी जायचं म्हणून तो मिळवायला आणि सुट्टी मंजूर व्हायला मला इतक्या वेळा कचेरीत जावं लागलं की तिथला माणूस मला बघितलं की आधीच "इन्शाल्ला, बुकरा" म्हणायचा. बुकरा म्हणजे उद्या. कोर्टातही तेच होतं. कधी समोरचा वकील आजारी, कधी साहेबांची बदली. शेवटी फोरमनने माझ्यासाठी शब्द टाकला. मी त्याला सगळी हकिकत सांगितली होती. तो दोनदा म्हणाला, "तुम मस्कत में. तुम्हारा वोट इंडिया में. कैसे?" तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही, सरळ कचेरीत फोन लावला.

साक्षीच्या दिवशी बायको माझ्या मागच्या बाकावर बसली होती. काकाही आले होते. निवडणुकीनंतर ते आमच्या अंगणात आले नव्हते, रस्त्याने जाताना पलीकडच्या कुंपणाला लागून जायचे. त्या दिवशी मात्र धुतलेलं धोतर नेसून आले आणि साहेबांना न विचारताच म्हणाले, "मी जेवायला गेलो होतो. माझी चूक आहे, सुनेची नाही." त्यांना बसायला सांगण्यात आलं.

माझा पासपोर्ट सगळ्यांनी बघितला. मी देशात नव्हतो हे मान्य झालं. मग समोरचा वकील उठला.

"तुमच्या नावाने दिलेलं मत कुणाला गेलं, हे तुम्हाला कसं कळलं?"

"फोनवर ऐकलं."

"फोनवर बटण दाबलेलं दिसलं का?"

मागे कुणीतरी हसलं.

"नाही. पण ज्याने घातलं तोच सांगत होता."

"कोणाला सांगत होता?"

"त्याच्या भावाला."

"तो भाऊ कुठे आहे? साक्षीला आलाय?"

"नाही."

"का नाही आला? तुम्ही तर एकाच खोलीत राहता ना? एकत्र जेवता?"

मी म्हटलं, "आता नाही जेवत." वकिलाने साहेबांकडे बघून हात पसरले. मी काहीतरी पुढे बोलणार होतो, पण मला खाली उतरायला सांगितलं.

निकाल यायला अजून बराच काळ गेला. वकिलाने तो माझ्या बायकोला वाचून दाखवला आणि तिने मला फोनवर सांगितला. माझ्या नावाचं मत खोटं होतं, हे कोर्टाने मान्य केलं. पण ते कुणाच्या मतांतून वजा करायचं हे ठरवता येत नाही, म्हणून निकाल आहे तसाच राहील. बायकोने हे सांगितलं ते अगदी सरळ आवाजात, दुकानातून काय आणायचं ते सांगावं तसं. मग विचारलं, "जेवलात?"

वर अपील करता आलं असतं. मी म्हटलं तिला. ती म्हणाली, "नको. खोटं आहे एवढं त्यांनी लिहून दिलंय. त्याचं मी काय करू, तेवढं सांगा."

तोपर्यंत मी हमरियातली खोली सोडून कंपनीच्या कॅम्पात राहायला गेलो होतो. नळाची लाईन खालच्या वाडीला आली, पण तीही पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर. भूमिपूजनाला नारळ फोडला तो त्याच्या वहिनीने. माझ्या आईने त्या नळाचं पाणी पहिल्या दिवशी देवाला ठेवलं. बायकोने ते भरलं, वापरलं. पुढच्या निवडणुकीत बायका तिला उभं राहायला सांगायला आल्या, तेव्हा तिने त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. मतदानाच्या दिवशी ती घरातून बाहेर पडली नाही. मी फोन केला तर म्हणाली, "कुणी घातलं असेल माझं, तर घालू दे. तुमचं तर घालतातच."

त्यानंतर काही महिन्यांनी बौशरच्या ज्या मॉलमध्ये त्याचं दुकान होतं तिथेच आमचं काम चालू होतं. मी शिडीवरून खाली उतरलो तर तो समोर उभा. वजन उतरलेलं, केस बरेच पिकलेले. हातात दोन कागदी कप, करक चहाचे. एक त्याने माझ्यापुढे धरला.

"तुझ्या कंपनीची गाडी बाहेर बघितली," तो म्हणाला. "बोलायचं होतं."

आम्ही पार्किंगच्या कडेला सावलीत उभे राहिलो. तो म्हणाला, "त्या केसचं... मी साक्ष द्यायला तयार आहे. भाऊ फोनवर काय बोलला ते सगळं. लिहूनही देतो."

मला काही कळेना. "आता? निकाल लागून गेला. त्यानंतर दुसरी निवडणूक झाली."

"वर जाता येईल की. मी आहे ना."

"झालं काय?"

तो कपात बघत राहिला. "घराच्या वाटणीत त्याने मला फसवलं. आईच्या खोलीला कुलूप लावलंय. मी सुट्टीवर गेलो तर शेजाऱ्याकडे झोपलो."

त्याच्यासाठी मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही थोडं. पण त्याहून मोठा राग आला. इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी आम्ही दोघं नवराबायको झुरलो, ते त्याच्याकडे पूर्ण वेळ होतं, आणि बाहेर आलं ते स्वतःच्या आईच्या खोलीला कुलूप लागल्यावर. मी चहा प्यायलो. कप चुरगाळून डब्यात टाकला. म्हटलं, "तिला विचारतो."

तिथेच उभं राहून मी घरी फोन लावला आणि त्याच्यादेखत सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "त्यांना द्या फोन."

मी दिला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. तो फक्त "हो वहिनी", "हो वहिनी" म्हणत होता. मग त्याने फोन परत दिला आणि दुकानाच्या मागच्या दाराकडे निघून गेला.

मी तिला विचारलं, "काय सांगितलंस?"

"म्हटलं, तुम्हाला आईच्या खोलीत जायचं असेल तर त्यासाठी वेगळा वकील करा. माझं नाव त्यात घालू नका." मग पलीकडून भांड्यांचा आवाज आला आणि ती म्हणाली, "ठेवते आता. आई जेवायच्या थांबल्यात."